नानदाओचं वय

मंगळवार, रात्री

नानदाओ ही चिनी तलवार उचलली की डोळ्यांआधी कानाला कळते. पातं इतकं पातळ की मनगटाने झटका दिला की थरथरतं आणि खणकन आवाज येतो. रुंद पातं, टोकाशी वळलेलं. पातं आणि मूठ यांच्या मध्ये इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली पट्टी असते. तिचं एक टोक पात्याकडे झुकतं, दुसरं मुठीकडे. मूठ लांब, वेळ पडली तर दुसरा हातही लावता यावा एवढी. उत्तरेकडच्या दाओच्या, म्हणजे एकधारी वळणदार तलवारीच्या, मुठीला रेशमी कापड बांधलेलं असतं, हिला ते नाही. दक्षिण चीनच्या शैलीची म्हणून ओळखली जाणारी ही तलवार आमच्या सगळ्या हत्यारांत माझी सर्वांत लाडकी.

आज माझ्या वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, वर्गातल्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. निवेदकाने माइकवरून सांगितलं, "दोन हजार वर्षांपूर्वी शाओलिनच्या भिक्षूंनी घडवलेलं शस्त्र!" टाळ्या कडाडल्या. मुलांनी काम चोख केलं, एकाचीही उडी फसली नाही. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. शाओलिन मठाची स्थापनाच मुळात पाचव्या शतकाच्या अखेरीची. आणि नानदाओ तर माझ्यापेक्षाही वयाने लहान आहे.

ती १९९०च्या दशकात आली, तीही स्पर्धेसाठी. चीनमध्ये नव्या राजवटीने १९५०च्या दशकात वुशूला क्रीडाप्रकार म्हणून घडवायला घेतलं, १९५९ साली स्पर्धेचे नियम छापले गेले. त्या घडणीत वजन उत्तरेकडच्या शैलींचं होतं. छांगछुआन ही उत्तरेकडची शैली खेळणाऱ्यांना मोकळ्या हातांच्या प्रकाराबरोबर दाओ, सरळ तलवार, भाला, काठी असं सगळं मिळालं. नानछुआन ही दक्षिणेकडची शैली खेळणारे बराच काळ मोकळ्या हातांवरच राहिले. मग १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत वुशूचा समावेश झाला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि १९९१ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. नानछुआनच्या खेळाडूंनाही जोडीला हत्यार हवं होतं. त्या गरजेतून नानदाओ आणि नानगुन, म्हणजे दक्षिणी पद्धतीच्या काठीचा प्रकार, हे स्पर्धेत आले.

नानदाओचा चेहरामोहरा पाहिला की हुदिएदाओ, म्हणजे फुलपाखरी जोडतलवार, आठवते. ती खरोखर जुनी. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांतात ती सर्रास दिसायची. अफूच्या युद्धाच्या वेळी तिथल्या गावसैनिकांकडे अशा जोडतलवारी पाहिल्याचं ब्रिटिशांनी लिहून ठेवलंय. आखूड पाती, एका हातात एक अशी जोडी, आणि दोन्ही एकाच म्यानात बसणारी. नानदाओ मोठी आहे, एकटी आहे आणि तिची कामगिरी निराळी आहे. तिला मैदानाच्या टोकाला बसलेल्या पंचांपर्यंत पोचायचं असतं. पातळ पात्याचा आवाज तिथवर जातो, रुंद पात्यावर उजेड चमकतो, आणि हलक्या वजनामुळे खेळाडू हवेत पूर्ण फिरून घोडेस्वार पवित्र्यात उतरू शकतो. दहा गुणांपैकी पाच हालचालींच्या शुद्धतेला, तीन एकूण सादरीकरणाला, दोन अवघड उड्यांना. समोर माणूस उभा असता तर काय झालं असतं, याला गुण नाहीत. एक मिनिट वीस सेकंदांपेक्षा कमी वेळात संपवायचं नाही, बस.

मला हे सगळं माहीत असूनही ती आवडते. म्हणूनच तिच्या नावावर खोटं वय चिकटवलेलं मला सहन होत नाही.

गुरुवार

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आज थांबून बोलले. निवृत्त शिक्षक आहेत, फार जिव्हाळ्याने विचारतात. मी नानदाओचा खरा काळ सांगितला तर म्हणाले, "ते असू दे, पण कुंगफू नेलं ते आपल्या बोधिधर्मानेच ना?" त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून बोलणं जड गेलं. तरी बोलले.

बोधिधर्म हे बौद्ध भिक्षू चीनमध्ये गेले आणि ध्यानाच्या परंपरेत त्यांचं स्थान मोठं आहे, ते कुणी काढून घेत नाही. पण त्यांनी भिक्षूंना लढायला शिकवलं ही गोष्ट उशिराची आहे. तिचा आधार 'यीजिनजिंग' नावाची व्यायामाची पोथी. तिच्या प्रस्तावनेवर सातव्या शतकातल्या एका नामांकित सेनापतीचं नाव आहे, आणि मजकूर मात्र सतराव्या शतकातला. थांग हाओ या अभ्यासकाने १९३० साली शाओलिन मठ आणि वुदांग पर्वत यांच्या दंतकथा तपासणारं पुस्तक लिहिलं आणि ही गोष्ट मोडीत काढली. चिनी माणसानेच, चिनी कागदपत्रं चाळून, आपल्याच लोकांचा राग ओढवून घेत ते केलं. याचं मला अतोनात कौतुक वाटतं.

आजोबांना मी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना नवीन होती. मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) शाओलिनचे भिक्षू काठीच्या विद्येसाठी नामांकित होते. चेंग चोंगयू नावाच्या माणसाने मठात राहून ती शिकून घेतली. त्याचं पुस्तक १६२१ साली छापलं गेलं. त्यात काठीचा मूळपुरुष म्हणून बोधिधर्म नाहीत, जिन्नालुओ आहे. म्हणजे आपला किन्नर! कथा अशी की बंडखोर मठावर चालून आले तेव्हा स्वयंपाकघरात राबणारा एक साधा सेवक चुलीतली काठी घेऊन बाहेर पडला, पर्वताएवढा झाला आणि त्याने शत्रू पळवले. ही कथासुद्धा कथाच. पण मठातले भिक्षू स्वतः जी सांगत होते ती ही. तिच्यात चुलीचा जाळ आहे, राख आहे, आणि लढणाऱ्या भिक्षूने अहिंसेच्या व्रताचं काय करायचं या खऱ्या पेचावर शोधलेली वाट आहे. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किन्नराची गोष्ट परत एकदा सांग, लिहून घेतो."

शुक्रवार

पाऊस. वर्ग नाही. पात्याला तेल लावलं, मुठीवरची दोरी नव्याने गुंडाळली.

रविवार, दुपारी

परवापासून एका माणसाबद्दल लिहायचं होतं. छी जिग्वांग, मिंग काळातला सेनापती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाचे उतरत होते, त्यांच्या हातात लांब जपानी तलवारी होत्या, आणि मिंग सैनिक त्यांच्यापुढे टिकत नव्हते. एका वारात भाल्याचा दांडा तुटायचा. छीने च्ज्यांग प्रांतातल्या यीवू भागातले शेतकरी आणि खाणमजूर भरती केले आणि त्यांच्या हाती एक विचित्र हत्यार दिलं, लांगश्येन. अख्खा बांबू, फांद्यांसकट. टोकाला लोखंडी पातं. लांबी साडेचार मीटरच्या आसपास. फांद्यांचे थरच्या थर पुढे पसरलेले, त्यामुळे तलवार आतपर्यंत पोचतच नाही, अडकते. मागचा नवखा सैनिकही धीराने उभा राहतो, कारण त्याच्या आणि त्या तलवारीच्या मध्ये झुडूप आहे. बारा जणांची एक तुकडी: पुढे नायक, मग दोन ढाली, दोन लांगश्येन, चार भाले, दोन आखूड हत्यारं, आणि शेवटी स्वयंपाकी. एकट्याने लांगश्येन घेऊन कुणी मैदानात उतरला तर तो मेलाच. ते तुकडीचं हत्यार होतं.

छीने १५६०च्या सुमारास लिहिलेल्या युद्धपुस्तकात आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली आहे: दिखाऊ, नक्षीदार हालचाली सैनिकांना शिकवू नका, रणांगणात त्यांचा उपयोग नाही. म्हणजे दिखाऊ तलवारबाजीबद्दलची तक्रार साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. तेव्हाही लोक सुंदर फिरवायचे, आणि तेव्हाही कुणीतरी कळवळून सांगायचं की याने जीव वाचणार नाही.

लांगश्येन फार जुनी नव्हती आणि तिला कुणी खोटी म्हणत नाही, कारण ती ज्या कामासाठी बनली ते तिने केलं. आणि ज्या जपानी तलवारीने इतकी माणसं मारली ती पद्धतही चिन्यांनी शिकून घेतली. त्याच चेंग चोंगयूने लांब दाओवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आज तिला मियाओदाओ म्हणतात. हे नाव विसाव्या शतकातलं, प्रजासत्ताकाच्या काळातलं. विद्या मात्र शत्रूकडून आलेली आणि जुनी. तिच्या वंशावळीत परकं रक्त आहे म्हणून तिचं काय बिघडलं? मियाओदाओ चालवणाऱ्यांचं हे उसनेपण कबूल करणं मला फार सुंदर वाटतं.

याच्या उलट ग्वान यू या देव मानल्या गेलेल्या सेनापतीची तलवार. देवळात, चित्रात, दुकानात सगळीकडे ग्वान यू लांब दांड्याची ती भव्य चंद्रकोरी दाओ धरून उभा असतो. ग्वान यू वारला २२० साली. तशा दाओचं चित्र सापडतं ते सोंग काळातल्या १०४४ सालच्या युद्धकोशात. तिचं ८२ जिन (चिनी वजनाचं माप) वजन कादंबरीतलं. इतिहासग्रंथात त्याने घोडा दामटून शत्रूच्या सरदाराला भोसकलं असं क्रियापद आहे, आणि भोसकण्यासाठी ती दाओ कुणी निवडणार नाही. पण लोकांनी त्याला ही दाओ दिली, मग तिच्याभोवती प्रकार रचले गेले, आखाड्यात वजनदार दाओ आल्या. छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळातल्या लष्करी परीक्षेत उमेदवाराला ८०, १०० किंवा १२० जिनांची दाओ फिरवून दाखवावी लागे. त्या काळचं एक जिन साधारण सहाशे ग्रॅम, म्हणजे सगळ्यांत जड दाओ सत्तर किलोच्या वर. लढाईत ती घेऊन कोण जाणार! ती ताकदीची परीक्षा होती आणि देणाऱ्याला, घेणाऱ्याला, बघणाऱ्याला सगळ्यांना ते ठाऊक होतं. १९०१ मध्ये ती परीक्षा बंद झाली.

माझा सगळा जीव या "सगळ्यांना ठाऊक होतं"मध्ये अडकला आहे. रणांगणासाठी केलेलं, परीक्षेसाठी केलेलं, पंचांसाठी केलेलं, अशी हत्यारं वेगवेगळ्या कामांची असू शकतात. बघणाऱ्याला काम कोणतं ते सांगितलं की फसवणूक उरत नाही. थाइजी (ताई ची) पंख्याचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर कायम असतं. बीजिंगमध्ये प्राध्यापक ली दयिन यांनी २००० सालाच्या आसपास ज्येष्ठ नागरिकांसाठी ५२ हालचालींचा पंख्याचा प्रकार रचला, त्याला गाणं जोडलं. शहराने ऑलिंपिकसाठी कंबर कसली होती त्या दिवसांत शेकडो आज्या-आजोबा एकत्र तो करायचे. पंखा एकदम फटकन उघडतो, तो आवाज एकाच वेळी शेकडो हातांतून येतो, आणि म्हातारी माणसं एका पायावर ठाम उभी असतात. रचणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत, काळ माहीत, हेतू माहीत. तो प्रकार आज जगभर शिकवला जातो. त्याला दोन हजार वर्षं उधार घ्यावी लागली नाहीत.

मग नानदाओला का लागावीत? ज्यांनी ती रचली त्यांच्या कामाचा हा अपमान आहे. कुणीतरी बसून विचार केला असेल की दक्षिणेच्या रोवलेल्या पवित्र्यांना, आखूड ताकदवान हातांना, मध्येच फुटणाऱ्या आरोळीला शोभेल असं पातं कसं असावं. ते काम उत्तम झालंय. निवेदकाच्या एका वाक्याने ते पुसलं जातं आणि श्रेय कुणा नसलेल्या भिक्षूला जातं.

रविवार, रात्री

संध्याकाळी मोठ्या मुलांना थांबवून घेतलं. त्यांना आधी नानदाओची खरी जन्मकथा सांगितली, एकाने विचारलं, "मग ती खरी तलवार नाही का?" उत्तर देण्याऐवजी लाकडी दाओ आणि काठ्या काढल्या. एकाने काठीने डोक्यावर सावकाश मारायचं, दुसऱ्याने आपल्या स्पर्धेच्या प्रकारातली हालचाल जशीच्या तशी करून बघायची.

चांथोउ, म्हणजे दाओ डोक्याभोवती गुंडाळत नेणं, पहिल्याच फटक्याला चाललं. काठी पात्याच्या पाठीवरून घसरली, खांद्यामागून बाहेर गेली आणि दाओ आपोआप कापण्याच्या जागी आली. मुलांचे डोळे विस्फारले. इतके दिवस ती एक नुसती गोल फिरकी होती. खालच्या पवित्र्यात बसून मांडीवर वार करणंही चाललं, फक्त अंतर अर्ध्या पावलाने कमी करावं लागलं. उडी मारून हवेत फिरणं मात्र साफ पडलं. फिरताना पाठ काठीवाल्याकडे येते आणि उतरेपर्यंत दोन फटके बसतात. मुलांनी तीनचार प्रकारे करून पाहिलं, प्रत्येक वेळी फटका बसलाच.

मी त्यांना म्हटलं की उडी काढायची नाही, ती पंचांसाठी आहे आणि आपण तिथे ती मनापासून मारणार. चांथोउ मात्र आजपासून समोर काठी आहे असं समजूनच करायचं. पुढच्या प्रात्यक्षिकाला निवेदकाच्या हाती द्यायचा कागद मुलं स्वतः लिहिणार आहेत. एकाने पहिली ओळ लगेच सांगितली: "नानदाओ, चीन, १९९०चं दशक, स्पर्धेसाठी तयार झालेली." दुसरा म्हणाला, खाली हुदिएदाओचंही लिहू, आणि दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी काढू. चित्रं कोण काढणार यावर त्यांचं भांडण जुंपलं, ते गेट बंद करायची वेळ झाली तरी चालूच होतं.