फोटोग्रे कोणाला सुचवायचा, कोणाला नाही: नागपूरच्या काउंटरवरचा माझा अनुभव

ऑप्टोमेट्रीच्या कॉलेजात रेटिनोस्कोपी शिकवतात, रेफ्रॅक्शन शिकवतात, डोळ्याची अख्खी अॅनाटॉमी पाठ करून घेतात, पण समोर बसलेल्या काकूंना "ही लेन्स घ्या" किंवा "ही नका घेऊ" कसं म्हणायचं ते कोणीच शिकवत नाही. मी नागपुरात एका चष्म्याच्या दुकानात लागले तेव्हा नंबर काढणं जमत होतं, बाकी सगळं काउंटरवर उभं राहून शिकले, आणि त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फोटोक्रोमिकनी. म्हणजे उन्हात काळी आणि सावलीत आली की पांढरी होणारी लेन्स. आमच्याकडे गिऱ्हाईक फोटोग्रे म्हणतं, डे-नाईट म्हणतं, नाहीतर सरळ "तो रंग बदलवणारा चष्मा दाखवा".

दुकानात विकायची पद्धत ठरलेली होती. ड्रॉवरमध्ये एक छोटा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा टॉर्च, तो डेमो लेन्सवर मारायचा, बघता बघता काळा गोल उमटतो, गिऱ्हाईक "अरे वा" म्हणतं आणि बिल फाटतं. एसीत बसून हा खेळ मस्त दिसतो. प्रॉब्लेम एप्रिलपासून सुरू होतो, कारण दिवाळीच्या सुमारास ज्यांनी घेतला तेच लोक परत यायला लागतात. "मॅडम, काच डुप्लिकेट निघाली का? थंडीत चांगला काळा व्हायचा, आता ऊन एवढं तापून राहिलं आणि हा नुसता राखाडी होऊन राहिला." आमचे सेठ त्यांना पाणी पाजायचे, चष्मा पुसून द्यायचे, टॉर्च मारून परत काळा करून दाखवायचे आणि "बघा, बरोबर आहे" म्हणून पाठवायचे. माणूस जायचा, पण पटलेलं नसायचं. चेहऱ्यावर दिसायचं ना.

मग मी जरा मागे लागले या गोष्टीच्या. कंपनीचे ट्रेनर येतात त्यांना विचारलं, कॉलेजच्या सरांना फोन केला, आणि गंमत म्हणजे लेन्समध्ये काहीच खोट नव्हती. प्लास्टिकच्या लेन्समध्ये बहुतेक करून नॅफ्थोपायरान जातीचे रेणू असतात, त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की रेणूतला एक बंध तुटतो, रेणू उघडून चपटा होतो आणि दिसणारा प्रकाश शोषायला लागतो, झाली लेन्स काळी. किरण थांबले की तो परत मिटतो. पण मिटायला त्याला लागते उष्णता, आणि जितकी गरमी जास्त तितका तो भराभर मिटतो. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी एका बाजूनी ऊन रेणू उघडत असतं आणि दुसऱ्या बाजूनी तीच गरमी ते मिटवत असते, त्यामुळे लेन्स मध्येच कुठेतरी अडकते, पुरती काळी होतच नाही. कंपन्या जो काळेपणाचा आकडा सांगतात तो साधारण 23 अंश तापमानाचा असतो, आयएसओच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत "गरम" म्हणून 35 अंश धरतात, आणि आपल्याकडे 45 झालं तरी लोक म्हणतात अजून नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागायचा आहे.

आमचं एक गिऱ्हाईक मनालीला गेलं होतं, तिथून फोटो पाठवून विचारत होतं की चष्मा एवढा काळाकुट्ट कसा काय झाला, काही बिघडला का. नाही हो दादा, उलट तिथेच तो पहिल्यांदा पूर्ण ताकदीनी चालला.

हे सगळं गिऱ्हाईकाला रेणू-बंध करून सांगितलं तर ते जांभई देते. मग मी एक युक्ती काढली. दुकानात पाण्याच्या बाटल्यांसाठी छोटा फ्रीज आहे, त्यात एक डेमो लेन्स टाकून ठेवते आणि तिचीच जोडीदार बाहेर ठेवते. उन्हाळ्यात कोणी विचारायला आलं की दोन्ही घेऊन दारात जायचं आणि उन्हात शेजारी शेजारी धरायच्या. फ्रीजमधली लगेच काळीभोर, बाहेरची फिकट. मग थंडवाली हळूहळू तापते आणि डोळ्यासमोर फिकट होत जाते. माणूस स्वतः बघतो, मला काही बोलावंच लागत नाही. सेठ आधी कुरकुरले, "विकायची वस्तू आहे, तिचा दोष कशाला दाखवते बेटा", पण एप्रिलची भांडणं कमी झाल्यावर गप्प झाले. टॉर्च मात्र मी ड्रॉवरमध्येच ठेवते. तो खोटा नाही, पण एसीतल्या टॉर्चनी जे दिसतं ते सीताबर्डीच्या दुपारी दिसणार नाही.

आता सुचवण्याआधी मी नंबराइतकाच वेळ एका प्रश्नाला देते: तुमचा दिवस कुठे जातो? नुसतं "काय करता" विचारलं तर लोक "नोकरी" म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही. घरून किती वाजता निघता, कशावर जाता, हेल्मेट घालता का, ऑफिसात खिडकीशी बसता का, असं सगळं खोदून विचारते. एकदा एका काकांनी वैतागून विचारलं की तुम्ही चष्मा देऊन राहिल्या की सोयरीक जुळवून राहिल्या.

पण त्या उत्तरांतूनच सगळं ठरतं. कार चालवणारे लोक हमखास फोटोग्रे मागतात कारण त्यांना वाटतं गाडी चालवताना गॉगल लागणार नाही. गाडीची पुढची काच अतिनील किरण जवळपास सगळे अडवते, त्यामुळे आत बसलेल्या माणसाची लेन्स पांढरीच राहते. समोरून ऊन डोळ्यात जातं आणि चष्मा ढिम्म. गाडीत थोडीफार काळी होणारी वेगळी लेन्स मिळते, पण ती महाग आणि घरातही तिला जरा रंग राहतो. एसटीचे एक ड्रायव्हर भाऊ आले होते, त्यांना मी सरळ नंबरचा पोलराइज्ड गॉगल आणि रात्रीसाठी साधा अँटीग्लेअर असे दोन चष्मे सुचवले. टू-व्हीलरवाल्यांचंही तसंच, हेल्मेटची पुढची काच पॉलिकार्बोनेटची असते, ती यूव्ही अडवते, म्हणजे काच खाली केली की चष्मा फिका. काच वर करून चालवणाऱ्यांचा छान काळा होतो, पण मी काही त्यांना काच वर करा असं सांगणार नाही! आणि दुपट्टा बांधून, वर चष्मा लावून जवळपासची कामं करत फिरणाऱ्या ताया, त्यांना मात्र आवडतो.

दिशेचाही संबंध असतो, हे मला पुस्तकात कुठे वाचलेलं आठवत नाही. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो, डोळ्यात घुसतो, पण तेव्हा त्यात अतिनील किरण कमी असतात, म्हणून ज्या वेळी माणूस सगळ्यात जास्त डोळे मिचकावतो नेमकी त्याच वेळी लेन्स अर्धवट काळी. शहरातून पश्चिमेकडे हिंगणा एमआयडीसीला जाणाऱ्याला जाताना ऊन पाठीशी आणि येतानाही पाठीशी, त्याला काही फरक पडत नाही. पूर्वेला भंडारा रोडकडे कामाला जाणाऱ्याला दोन्ही वेळा समोरून. त्याला हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शिव्या मलाच.

मग नेमका कोणाला सुचवते? जो दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर करतो त्याला. पोस्टमन, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, बँकेचे वसुलीवाले, साइटवर आणि ऑफिसात दोन्हीकडे असणारे इंजिनीअर, शाळेतले पीटीचे सर. यांना दर वेळी चष्मा काढ, गॉगल घाल, पहिला चष्मा शर्टाच्या खिशात, मग तो खाली पडतो, हे सगळं वाचतं. काळी व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं, पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात आणि थंडीत जरा जास्तच, तेवढं सांगून ठेवायचं. पीटीच्या सरांना विचारलं तर म्हणाले वर्गात आल्यावर पोरं "सर हिरो दिसता" म्हणतात, तेवढ्यात पांढरा होतो.

उलट दिवसभर उन्हातच उभं राहणाऱ्याला मी फोटोग्रे शक्यतो नाही सुचवत, आणि हे लोकांना सगळ्यात उलटं वाटतं. काटोलकडचे एक संत्र्याच्या बागेवाले काका, त्यांना मी नंबरचा गडद गॉगलच दिला, बाजूनी झाकणारा, कारण बागेत दुपारी फोटोग्रे पुरेसा काळा होणार नव्हता आणि त्यांना घरात वाचायला वेगळा चष्मा लागतच होता. शिवाय त्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनी मांस वाढायला लागलं होतं. उन्हात, धुळीत काम करणाऱ्यांना ते होतं. त्यासाठी आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. ज्यांना अचानक उजेड सहन होत नाही, डोळा लाल आहे, दुखतो, त्यांनाही काळी लेन्स विकून मोकळं व्हायचं नाही, आधी डॉक्टर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा आले की त्यांनाही आधी डॉक्टरांनी फायनल नंबर दिला का ते विचारते, मग पुढचं.

यूव्हीची भीती दाखवून विकणं मला आवडत नाही. चांगली फोटोक्रोमिक पांढरी असतानाही अतिनील किरण अडवते हे खरं आहे, पण पॉलिकार्बोनेटची साधी लेन्सही अडवते, मग तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे कशाला?

पैशाचं सांगायचं तर फरक मोठा असतो. ब्रँडवाली आणि साधी यांच्यात पाच-सहा पट किंमत सहज होते आणि गिऱ्हाईक म्हणतं दोन्ही काळ्याच होतात ना. होतात. पण स्वस्तवाल्यांपैकी बऱ्याच लेन्समध्ये रंगाचं रसायन अख्ख्या मटेरियलमध्ये मिसळलेलं असतं, म्हणून मोठा मायनस नंबर असेल तर कडा जाड तिथे गडद आणि मधे फिकट दिसते. वरच्या थरात रंग असलेली सगळीकडे सारखी काळी होते. नंबर कमी असेल तर मी स्वतःहून स्वस्तवाली सांगते, उगाच कशाला. जास्त नंबराला मात्र थरवालीच. आणि किंमत कुठलीही असो, दोन-तीन वर्षांनी जोर कमी होतो, कधी कधी पांढरी असताना पिवळट दिसते, हे मी बिलाच्या मागे तारखेसकट लिहून देते. एकच काच फुटली तरी जोडच बदला म्हणते, नाहीतर उन्हात एक डोळा काळा आणि एक करडा.

जुने लोक आले की वेगळाच विषय निघतो. "आमच्या वेळचा फोटोग्रे काय काळा व्हायचा!" त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तो खऱ्या काचेचा होता. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत स्टुकी आणि आर्मिस्टेड या दोघांनी 1960 च्या दशकात ती काच काढली, तिच्यात चांदीच्या क्षारांचे अगदी बारीक कण असतात, ऊन पडलं की चांदी वेगळी होते आणि काच काळवंडते, सावलीत परत एक होते. आणि ते वर्षानुवर्षं चालायचं. गरमीचा त्रास तिलाही होताच. प्लास्टिकमध्ये हे नीट जमून बाजारात यायला 1990 च्या दशकाची सुरुवात उजाडली. पण काच जड, पडली की गेली, नाकावर वळ. एका आजोबांनी तरी हट्टानी काचेचाच मागितला, दुकानात नव्हता, मागवावा लागला, आणि आता ते दर महिन्याला नाकाचे पॅड बदलायला येतात आणि चहा पिऊन जातात.

सध्या लग्नसराई आहे तर नवरदेव येऊन राहिले. परवा एक जण आईसोबत आला, फोटोग्रेच पाहिजे म्हणे, रुबाबदार दिसते. मी विचारलं वरात किती वाजता. "चार वाजता, मॅडम." म्हटलं मग फोटोत डोळे दिसणार नाहीत, काळे गॉगलच येतील सगळ्या अल्बममध्ये. तो म्हणाला तेच तर पाहिजे. आई म्हणाली अजिबात नाही. शेवटी लग्नासाठी साधा अँटीग्लेअर घेतला आणि फोटोग्रेची ऑर्डर लग्नानंतरची, अॅडव्हान्स देऊन गेला.