सेकंडहँड लॅपटॉप ऑनलाइन घेतलाय? परतीची मुदत संपायच्या आत एकदा रिसेट करून बघा

नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, महापे या आपल्या पट्ट्यात एवढ्या आयटी कंपन्या आहेत की ऑफिसचे वापरलेले लॅपटॉप बाजारात कुठून येतात हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. तीन-चार वर्षांची लीज, म्हणजे भाडेकरार, संपते, लॉटच्या लॉट बाहेर पडतो, मग कुणीतरी ते साफसूफ करून, नवीन एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) टाकून ऑनलाइन विकायला लावतो. यात वाईट काहीच नाही. उलट लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक ही ऑफिसवाली मशीन दणकट असतात आणि कॉलेजच्या पोरांनी नवीन पण तकलादू काहीतरी घेण्यापेक्षा यातलं एखादं घ्यावं असंच मी सांगतो. फक्त हातात आलेलं मशीन रीतसर विकलं गेलंय की नाही हे वरून बघून कळत नाही, अजिबात कळत नाही.

माझी भाची कळव्याला राहते, इंजिनिअरिंगला आहे, तिने असाच एक डेल मागवला आणि "मामा, एकदा बघून दे ना" म्हणून घेऊन आली.

पहिलं काम म्हणजे सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलच्या प्रत्येक मशीनचा ओळख क्रमांक. खालच्या बाजूला स्टिकरवर अक्षरं-आकडे मिळून सात कॅरेक्टरचा असतो. पण स्टिकर कुणीही छापतो, खालचं कव्हरही बदलता येतं, म्हणून लॅपटॉप चालू होताना एफ-टू (F2) दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जायचं आणि तिथला टॅग बघायचा. दोन्ही जुळले की तोच टॅग डेलच्या सपोर्ट साइटवर टाकायचा, मूळ मशीनमध्ये काय काय होतं ते तिथे दिसतं, वॉरंटी कधीपर्यंत होती तेही कळतं. एचपी, लिनोव्होचं सिरियल नंबरवर असंच बघता येतं. रॅम किंवा एसएसडी वेगळी दिसली तर घाबरू नका, ती वाढवलेली असू शकते. पण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेला असतो, त्यामुळे साइट म्हणतेय आय-फाइव्ह आणि जाहिरातीत आय-सेव्हन असेल तर विषय तिथेच संपला.

आणि नुसतं "आय-सेव्हन आहे" याला काही अर्थ नाही हो, जनरेशन विचारा, म्हणजे प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला ढोबळमानाने इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. चौथ्या जनरेशनवर जबरदस्तीने ११ टाकून विकतात, चालतं पण ते, मात्र मायक्रोसॉफ्ट त्याची काही हमी घेत नाही.

भाचीच्या मशीनचे टॅग जुळले, प्रोसेसर बरोबर, सगळं छान. मी म्हटलं आता रिसेट करू, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने सेट करू. ती म्हणाली, "अरे मामा, सेलरने विंडोज टाकूनच दिलंय, चाललंय की सगळं." तरी केलं. रिसेट झाल्यावर वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर एका कंपनीचं नाव आलं, खाली ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागतोय.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण खरी फसवणूक इथेच होते. मोठ्या कंपन्या आपली मशीन मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या सेवेत नोंदवतात, म्हणजे मशीन सेटअप करताना ते आपोआप कंपनीच्या ताब्यात जातं, ती नोंद हार्डवेअरच्या ओळखीवर असते, त्यामुळे हार्डडिस्क बदला, विंडोज पुन्हा टाका, काही उपयोग नाही, कंपनीच्या अ‍ॅडमिननेच काढली तर निघते. गाडी विकली पण आरसी बुक अजून जुन्याच मालकाच्या नावावर, असा प्रकार. आता कधी कधी कंपनी रीतसर विकते आणि नोंद काढायची राहून जाते, तेही होतं. पण कधी मशीन चोरीचं असतं किंवा नोकरी सोडताना कुणी परतच केलेलं नसतं. सेलरला मेसेज केला तर उत्तर काय, "वायफाय न लावता सेटअप करा, चालेल." म्हणजे त्याला माहीत होतं! मुदत होती म्हणून परत केला, खटपट झाली पण पैसे आले. मॅकबुकमध्ये हेच अ‍ॅक्टिव्हेशन लॉक किंवा रिमोट मॅनेजमेंट म्हणून समोर येतं, तिथेही आधी पुसून नव्याने सेटअप करूनच बघा.

विंडोज खरं आहे का हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) टाका. कायमचं अ‍ॅक्टिव्हेट आहे असं आलं तर बहुतेक ठीक, सहा महिन्यांच्या आतली एखादी तारीख आली तर बहुतेक जुगाड करून टाकलंय. बॅटरीचं तिथेच पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्टने (powercfg /batteryreport) कळतं, मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते.

फोन असेल तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून बघता येतो, लॅपटॉपला सहसा आयएमईआयच नसतो. त्यामुळे बिल हाच पुरावा, आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, उद्या कुणी विचारलं तर आपल्या हातात कागद पाहिजे. मुदतीत असूनही सेलर परत घेत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसे घेऊन गायबच झाला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.