ॲप्रन सोडा, नळीचं तोंड बघा

"मॅडम, ते जड जॅकेट नाही घालायचं?" माझ्या दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढताना हा प्रश्न बहुतेक वेळा मुलांना घेऊन आलेल्या आया विचारतात. काळजी रास्तच आहे, आणि मागितला तर तो शिशाचा ॲप्रन मी देतेही. पण खरं संरक्षण त्या शिशात फारसं नाही, हे त्यांना समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एका दाताच्या डिजिटल एक्स-रेत काही मायक्रोसिव्हर्ट एवढाच किरणोत्सार मिळतो. निसर्गातून आपल्याला रोज साधारण तितका मिळतच असतो. शिवाय तोंडात विखुरलेले किरण शरीराच्या आतूनच पुढे जातात. वरून पांघरलेलं शिसं त्यांना काय अडवणार? म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ साली ॲप्रन आणि थायरॉइड कॉलर (गळ्याभोवतीचा शिशाचा पट्टा) वापरू नका असंच सांगितलं, अगदी गरोदर बायकांनाही.

ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, तर कॉलर नडते. यंत्र डोक्यामागून फिरतं, कॉलर किरणांच्या वाटेत येते आणि पुढच्या दातांवर पांढरी सावली पडते. मग पुन्हा फोटो, म्हणजे दुप्पट किरण.

माझा जीव अडकतो तो एक्स-रे यंत्राच्या नळीच्या तोंडात. गोल नळीतून सात सेंटिमीटर रुंदीपर्यंतचा झोत पडतो, तोंडात ठेवलेला, चित्र टिपणारा सेन्सर मात्र जेमतेम तीन बाय चारचा. निम्म्याहून जास्त किरण गालावर, जबड्यावर फुकट जातात. नळीच्या तोंडाशी चौकोनी कॉलिमेटर, म्हणजे झोत अरुंद करणारा भाग, लावला की झोत सेन्सरपुरता उरतो आणि विखुरलेले किरण घटल्यामुळे चित्रही स्वच्छ येतं. एवढी साधी गोष्ट अजून कितीतरी दवाखान्यांत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच्या जोडीला सेन्सर जागेवर धरणारा होल्डर हवाच. सेन्सर दाताला समांतर आणि नळी काटकोनात असेल तरच मुळाची लांबी खरी दिसते. नळी कमी कलली की मूळ लांबट दिसतं, जास्त कलली की आखूड. रूट कॅनालमध्ये दोन मिलिमीटरची गफलत झाली तर फाइल, म्हणजे मूळ आतून साफ करायची बारीक सुई, मुळाच्या टोकाबाहेर जाऊ शकते. तरी पेशंटलाच बोटाने सेन्सर धरायला लावण्याची सवय सुटत नाही. बोट हलतं, कोन चुकतो, आणि बोटावर किरण पडतात ते वेगळेच.

त्यामुळे आयांना मी सांगते, पुढच्या वेळी कुठेही गेलात तर तीन गोष्टी विचारा: हा एक्स-रे आत्ता कशासाठी, नळी चौकोनी आहे का, आणि होल्डर लावणार ना?