तिसऱ्या आंघोळीला बंद पडणारा गिझर

तक्रार नेहमीचीच होती. गॅस गिझर मध्येच बंद पडतो. रत्नागिरीत डिसेंबर लागला की असे फोन सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी सेल उतरलेले निघतात. या घरात सेल दोनदा बदलून झाले होते. आजींनी दारातच सांगितलं, "पहिल्या दोघांना कढत पाणी येतं हो, तिसरा आत गेला की मेलं बंद. थोड्या वेळानं परत चालू."

हे ऐकून कान टवकारले. सेल किंवा पाण्याच्या दाबाने गिझर चालू करणारे डायफ्रॅम, मायक्रोस्विच हे भाग खराब असतील तर गिझर कोणाचीही आंघोळ अडवतो, तो नंबर लावत बसत नाही. बिघाड आंघोळीच्या क्रमाने येतो म्हणजे तो यंत्रात नाही, खोलीतल्या हवेत आहे. मग विचारलं, कोणाचं डोकं दुखतं का, गरगरतं का? सून आतल्या खोलीत पडून होती. मुलीला न्हाऊ घालून बाहेर आल्यावर डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. पित्त समजून कोकम सरबत दिलेलं. ऑक्सिमीटर लावला तर ९८, म्हणून सगळे निर्धास्त.

इथेच माणसं फसतात. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला या दोघांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरलेला असतो आणि आकडा ९८ दाखवतो. खिडक्या उघडायला लावल्या, सुनेला गॅलरीत बसवलं आणि दोघी मायलेकींना लगेच दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांना 'गॅस गिझर' हे दोन शब्द आधी सांगा, असंही बजावलं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

मग बाथरूम पाहिलं. चार बाय सहा, उंची आठ फूट. गिझर आतच, शॉवरशेजारी. वरच्या झरोक्याच्या काचपट्ट्यांवर बाहेरून जाड प्लास्टिक चिकटपट्टीने लावलेलं. "मुलानंच लावलंन, नातीला गारठा बाधतो म्हणून," आजी म्हणाल्या. दाराखालची फट झुरळं येतात म्हणून रबरी पट्टीने बंद. दोन्ही कामं एकाच महिन्यात झाली होती आणि गिझरची कुरकुर त्यानंतरच सुरू झाली.

हिशेब मांडून बघा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला सुमारे ०.९ किलो गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण साडेबारा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांत जवळजवळ २.८ घनमीटर. या बाथरूममध्ये हवा होती ५.४ घनमीटर. बाहेरून नवी आली नाही तर पाव तासात निम्म्या खोलीची हवा गिझर पिऊन टाकतो. मधे दार उघडतं ते तेवढ्यापुरतंच. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७-१८ कडे उतरला की निळी ज्योत पिवळी होते, लांबते आणि मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. शेवटी ज्योत बर्नरवरून उचलली जाते, ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरच्या टोकाला लागेनाशी होते आणि व्हॉल्व्ह गॅस तोडतो. तिसऱ्या आंघोळीला गिझर बंद पडत होता तो यामुळे. सगळेच गिझर इतक्या वेळेवर तोडत नाहीत, काही वीस मिनिटांचा टायमर संपेपर्यंत तसेच जळत राहतात.

खात्री करायला मोनॉक्साइड मोजायचा मीटर टॉवेलच्या दांडीला अडकवला, नळ सोडला, दार लावून बाहेर थांबलो. सहाव्या मिनिटाला ३५ पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) पहिला अलार्म, आठव्याला २०० चा दुसरा, अकराव्याला गिझर बंद. दार उघडून श्वास रोखून मीटर काढला, सर्वोच्च नोंद ६४०. आणि ही तर पहिलीच फेरी. ४०० पीपीएमला तास-दोन तासांत डोकं धरतं, १६०० ला वीस मिनिटांत गरगरतं आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. नंतर प्लास्टिक काढून, रबरी पट्टी उपटून तेच केलं तर मीटर वीसच्या वर गेला नाही.

वीससुद्धा मला नको होता, म्हणून कव्हर खोललं. किनारपट्टीवर गिझर जेमतेम तीन महिने चालतो आणि नऊ महिने बंद असतो. तेवढ्यात बर्नरच्या हवा ओढायच्या तोंडात कोळी जाळी विणतो, कधी कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. खारी हवा बर्नरच्या भोकांवर गंज चढवते, वर तांब्याच्या पात्यांत काजळी साचते आणि धुराला वाट उरत नाही. इथे जाळं होतं. मऊ ब्रशने साफ केलं, भोकं एकेक करून मोकळी केली, ज्योत स्वच्छ निळी झाली. हे काम दिवाळीनंतर लगेच करून घ्यावं, पहिल्या गारठ्याच्या सकाळी मेकॅनिक मिळत नाही.

एक्झॉस्ट फॅन बसवू का, असं मुलाने विचारलं. हवा आत यायला वाट नसेल तर नुसता पंखा फारसं काही ओढू शकत नाही. वर एक झरोका हवा, गरम धूर जायला, आणि खाली एक, कारण गळलेला एलपीजी हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. एलपीजीला वास मुद्दाम दिलेला असतो, मोनॉक्साइडला कसलाच नसतो. पण खरा इलाज एकच, गिझर बाथरूमबाहेर.

जुन्या घरांत पाण्याचा बंब मागल्या पडवीत असायचा, धूर कौलांतून जायचा, हे सांगितल्यावर आजींना लगेच पटलं. तेवढ्यावरून त्यांना बाळंतिणीची शेगडीही आठवली. कोळशाच्या शेगडीतून तोच वायू निघतो, तेही धूर न दिसता. खिडकी उघडी ठेवून शेक द्यायचा आणि झोपण्याआधी निखारे अंगणात न्यायचे.

गिझर ड्राय बाल्कनीत नेला, पावसाची झड आणि खाऱ्या वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात. गरम पाण्याला अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइप, लांबी साडेतीन मीटर. पाइप जितका लांबवाल तितकं जास्त गार पाणी आधी वाया जातं. गॅसची रबरी नळी भिंतीतून कधीच नेऊ नये, म्हणून तेवढ्या भागात तांब्याची लाइन. भिंतीला भोक पाडायची सोसायटीची परवानगी यायला आठवडा गेला. तोवर घरात शिस्त अशी होती: दार-झरोका उघडा ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, रेग्युलेटर बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मग आंघोळीला आत जायचं. मुलीच्या आंघोळीसाठी आजींनी पाणी सरळ स्वयंपाकघरातल्या पातेल्यात तापवलं.