फुल एक, हाफ एक

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, माजलगाव आणि परळी आगारात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. 'कंडक्टर' हेच नाव. त्यामुळं गावातल्या चार लोकांनी मिळून डब्याचं काम सुरू केलं, तेव्हा हिशेबाची वही कुणाकडं द्यायची यावर चर्चासुद्धा झाली नाही.

आमचा धारूर तालुक्यातला डोंगरपट्टा. दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले ऊसतोडीचे कोयते सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात, जिथं साखर कारखाना असेल तिथं निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. परततात ते पाडव्याच्या आगेमागे. मधल्या चार-पाच महिन्यांत गल्लीनं चाललं तर दाराला एक तर कुलूप, नाही तर दारात एक म्हातारं माणूस. अशा तेवीस जणांना आम्ही रोज सकाळी डबा देतो. दोन भाकरी, एक कालवण. ज्वारी सुगीला गावातूनच जमते. थापायला तीन बाया, वाटायला कॉलेजची दोन पोरं. यादी दसऱ्याला होते आणि यादीत नाव नसेल तर डबा नाही, हा नियम माझा. एकाला असाच दिला की दुसऱ्या दिवशी दहा जण दारात उभे राहतात, हे मी एसटीत शिकलो.

जानेवारीत हिशेब लागेना. बाया पन्नास भाकरी थापतात. तेवीस डब्यांच्या सेहेचाळीस, चार राखीव. त्या चारांतल्या दोन रोज गायब. वाटणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, "पडल्या काका रस्त्यात." पडणाऱ्या भाकरी रोज दोनच कशा असतात, हे मी त्याला बायांसमोर विचारलं. वर हेही सुनावलं, की आमच्यात कॅश कमी भरली तर कंडक्टरच्या खिशातून जायची. पोराचं तोंड लाल झालं. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, आणि दोन भाकरी पुन्हा कमी.

त्याच आठवड्यात चौदा नंबरच्या डब्याची आजी म्हणाली, "कंडक्टर, माझा पगार बंद पडलाय बघा."

पगार म्हणजे श्रवणबाळ योजनेचे पैसे. आमच्याकडं म्हातारी माणसं त्याला पगारच म्हणतात, आणि मला तो शब्द बरोबर वाटतो. महिन्याला १,५०० रुपये. २०२३ च्या आधी १,००० होते. पैसे खात्यावर येतात आणि गावातल्या सेवा केंद्रात मशीनवर अंगठा लावला की हातात पडतात. आजीचे दिवाळीपासून पडले नव्हते. केंद्रावरचा मुलगा दर वेळी काय म्हणतो विचारलं, तर म्हणाली, "त्यो म्हनतो, येईना आजी, येईना."

म्हटलं चला, तालुक्याला बँकेत जाऊन बघू.

सकाळच्या गाडीला आजी नातवाला घेऊन आली. आठ-नऊ वर्षांचं लेकरू, अंगात बापाचा शर्ट, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. "शाळा नाही का रे?" तर आजीच बोलली, "ह्याच्याबिगर मला पायरी चढत नाही." मी विषय सोडला. गाडीतल्या कंडक्टरनं आजीचं आधार कार्ड मागितलं. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मतारीख १ जानेवारी. (आमच्या यादीत बहुतेकांचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो. माझा स्वतःचा १ जून, गुरुजींनी लावलेला.) पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, म्हणून आजीला शून्य रुपयाचं तिकीट आणि नातवाला हाफ. आजीनं पदराची गाठ सोडून हाफचे पैसे स्वतः दिले. मला देऊ दिले नाहीत. दोन्ही तिकिटं घाटभर मुठीत धरून बसली. "मला फुकट का म्हनं?" "सरकारनं केलंय आजी." "आन लेकराचे घेत्यात?" "हाफ घेतात." तिनं मान हलवली. तेवढं तिला पटल्यासारखं दिसलं.

बँकेत गर्दी. पासबुक मशीनमध्ये टाकलं तर खरखर करत ओळीवर ओळ उमटत गेली. मी चष्मा शोधेपर्यंत लेकरानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, "एक हजार पाचशे. परत एक हजार पाचशे. परत एक हजार पाचशे..." चार वेळा. खात्यात सहा हजारांच्या वर पैसे पडून होते. पगार एकही महिना चुकला नव्हता.

मला तिथंच केंद्रावरच्या मुलाचा राग आला होता, पण हिशेब लागला तसा तो गेला. तो खोटं बोललाच नव्हता. मशीनवर बोट ठेवायचं, मशीन नाही म्हणायचं, आणि तो म्हणायचा, 'येईना'. म्हणजे अंगठा येईना. आजी ऐकायची, पगार येईना. बोट जुळल्याशिवाय खात्यावर किती आहेत हेही त्या मशीनला दिसत नाही, म्हणून त्यालाही पैसे आलेत हे कळायला मार्ग नव्हता. एका शब्दावर तीन महिने गेले.

साहेब म्हणाले, विड्रॉल स्लिपवर अंगठा द्या, ओळखीचा साक्षीदार सही करेल. साक्षीदार मी. आजीनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. उचलला तर निळा गोळा, रेघ एक नाही. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा कडेला दोन-चार रेघा आल्या, कुंभारानं पाण्याचा हात फिरवल्यावर मातीवर राहतात तेवढ्या. तिचा अंगठा मी हातात घेऊन पाहिला. कातडं चकचकीत, मध्ये एक आडवी जुनी चीर. पन्नास वर्षं ऊस तोडला, कापूस वेचला, बाभळीचं सरपण मोडलं. वर थंडीचे दिवस, त्यात बोटं आणखी कोरडी पडतात. मशीन तरी काय वाचणार? साहेबांनी आधार केंद्रावर डोळ्यांचे आणि बोटांचे ठसे नवीन करून घ्यायला सांगितलं. केंद्रावर गेलो तर पुढच्या आठवड्यातला नंबर मिळाला.

दोन हजार काढले, बाकीचे ठेवले. बँकेच्या बाहेर लिंबाखाली बसलो. मी म्हटलं, हॉटेलात काहीतरी खाऊ. आजी म्हणाली, "डबा हाय की." आणि पिशवीतून आमचाच चौदा नंबरचा डबा निघाला. त्यात दोन भाकरी आणि पिठलं. खाली पेपरात गुंडाळलेल्या आणखी दोन.

आमच्याकडं थापणाऱ्या तिघींपैकी एकीची भाकरी काठाला जाड असते. पेपरातल्या दोन्ही तिच्याच होत्या.

आजीनं पिठल्याचे तीन वाटे केले. मोठा लेकराला, त्याहून लहान स्वतःला, आणि तिसरा डब्यातच झाकून ठेवला, रात्रीसाठी. लेकरानं भाकरी कुस्करली. मी सहज विचारावं तसं विचारलं, "ह्या कुणी दिल्या रे?" ते आजीकडं बघायला लागलं. मग हळूच म्हणालं, "दादा देतो. कंडक्टरला सांगू नको म्हनला."

मग सगळं निघालं. दिवाळीत हे लेकरू आई-बापासोबत कारखान्यावर गेलं होतं. डिसेंबरात आजी न्हाणीत घसरून पडली, तेव्हा बापानं गावाकडं येणाऱ्या एका ओळखीच्यासोबत त्याला पाठवून दिलं, म्हातारीकडं बघायला. आई-बाप तोडीला गेलेल्या आणि गावात राहिलेल्या लेकरांना शाळेत हंगामी वसतिगृहाचं दोन वेळचं जेवण मिळतं. पण ती यादी झाली तेव्हा हे गावात नव्हतं. आमच्या यादीत आजी एकटी. तिकडं ऊसतोडीच्या टोळीतही आता नाही. दुपारी शाळेत खिचडी मिळायची, पण आजीला उठवून-बसवून शाळेत जाणं रोज होत नव्हतं. बिनतिकिटाचा प्रवासी शोधण्यात माझी हयात गेली आणि सकाळी एसटीत ह्याचं हाफ मी स्वतः फाडताना पाहिलं. हे हाफ जेवतं कुठं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

परतीच्या गाडीत तिघंही गप्प. लेकरू तर झोपलंच.

संध्याकाळी वाटणाऱ्या पोराला बोलावलं. म्हटलं, मला सांगायचं होतंस. तर म्हणाला, "सांगून काय केलं असतं काका? यादीत नाव नाही म्हनला असता." त्याचं चूक नव्हतं, मी तेच म्हणालो असतो. बायांसमोर बोललो होतो म्हणून बायांसमोरच त्याला म्हटलं, माझं चुकलं. त्यावर ती जाड काठाची भाकरीवाली हसून म्हणाली, "आमाला ठाऊक व्हतं. म्हनून तर पन्नास थापीत व्हतो." म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक.

मग मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी लेकराला लगेच वर्गात बसवलं. वसतिगृहाच्या जेवणासाठी नाव वर कळवतो म्हणाले. ते होईल तेव्हा होईल. वहीत मी चौदा नंबरापुढं लिहिलं: फुल एक, हाफ एक. वाटणारं पोरगं वाकून बघत म्हणालं, "हाफ कशाला काका, आजीपेक्षा जास्ती खातंय ते." खरं होतं. पण खोडायच्या आधी आजीकडं जाऊन यावं म्हटलं.

आजीनं किराण्याची उधारी त्याच संध्याकाळी भागवली होती. मी डबा दोन माणसांचा येईल असं सांगितलं, तर तिनं विचारलं, "किती द्यायचे?"

"काही नाही आजी, आम्ही पैसे घेत नाही."

"ते माझं झालं," ती म्हणाली. "एसटीवानी करा. मला फुकट. लेकराचं हाफ घ्या." आणि पदराची गाठ सोडून पन्नासची नोट पुढं केली.

मी नोट घेतली. पावतीपुस्तक पिशवीतच होतं. लेकराच्या नावानं पन्नासची पावती फाडली. त्यानं ती नीट वाचून पाहिली आणि बापाच्या शर्टाच्या खिशात घालून ठेवली.