टर्की, अंडी आणि रॅकून
आज पहाटे अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या रानात शेजारच्या काकांबरोबर टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला गेलो. काकांनी मादीचा आवाज काढला, नरानं लांबूनच उत्तर दिलं, पण जवळ काही आला नाही. हुशार निघाला! परतताना गवतात फुटलेली अंडी दिसली. मादी जमिनीवरच दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे 28 दिवस उबवते. रॅकून, स्कंक, ओपोसम अशा अंडी खाणाऱ्या छोट्या रानटी प्राण्यांना आयती मेजवानीच. पूर्वी या प्राण्यांच्या कातडीला भाव होता, लोक हिवाळ्यात सापळे लावायचे. आता कोण कष्ट घेतो? साउथ डकोटा राज्यानं तर 2019 मध्ये असे प्राणी पकडणाऱ्यांना दर शेपटीमागे 10 डॉलर बक्षीस द्यायला सुरुवात केली. मला मात्र वाटतं, आधी घरटी लपायला शेतांच्या कडेचं उंच गवत राखा. काकांना हे अजिबात पटलं नाही, गाडीत घरापर्यंत वाद चालला.