पोचलं का?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा शाळेतून फोन आला, तेव्हा मला आधी आठवली ती जिन्याखालची नकाशांची खोली. मी नववीत गेले त्या वर्षी, १९८६ साली, तिथले गुंडाळलेले नकाशे प्रयोगशाळेच्या माळ्यावर गेले, भिंतींना रंग लागला, खिडकीला जाड पडदा आला आणि दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी लागली. आत दोन बीबीसी मायक्रो संगणक आले होते.

ते आले कसे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८४ साली शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला होता. सुरुवातीला देशभरातल्या २५० शाळा घेतल्या आणि मग पुढे इतरांचा नंबर लागत गेला. यंत्र निवडलं होतं ते ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीचं, तिथल्या बीबीसीच्या संगणक-शिक्षणाच्या उपक्रमासाठी १९८१ मध्ये बाजारात आलेलं. प्रत्येक शाळेतून शिक्षक प्रशिक्षणाला जात. आमच्याकडून शास्त्राच्या बाई गेल्या आणि एक जाडजूड फाइल घेऊन परत आल्या. त्या फाइलमधलं जे बाईंना कळलं होतं ते त्यांनी शिकवलं, आणि जे कळलं नव्हतं ते आमच्यासमोर बसून समजून घेतलं. मला त्यांचा जो आदर वाटतो तो या दुसऱ्या गोष्टीसाठी जास्त.

बटण दाबलं की यंत्र ‘बी-बीप’ करायचं आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ अशी ओळ यायची. ३२के म्हणजे ३२ किलोबाइट स्मृती. आज फोनवर काढलेला एखादा फोटो तशा शंभर यंत्रांतही मावायचा नाही. वीज गेली की सगळं पुसलं जाई, म्हणून केलेला प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचा, ज्या कॅसेटवर एरवी गाणी ऐकायची तिच्यावरच.

या कॅसेटपाशी मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं मला तिथूनच कळत गेलं. एकदा बाईंनी टेपरेकॉर्डरची वायर उपसली आणि कॅसेट मोठ्याने वाजवली. आधी पाच सेकंद एकसुरी शिट्टी, मग चरचर, मग क्षणभर पुन्हा शिट्टी, पुन्हा चरचर. बाईंनी फळ्यावर दोन लाटा काढल्या. १२०० हर्ट्झची एक लाट म्हणजे शून्य, २४०० हर्ट्झच्या दोन लाटा म्हणजे एक. दोन्हींना लागणारा वेळ सारखाच, सेकंदाचा बाराशेवा भाग. प्रत्येक अक्षराचे आठ बिट, म्हणजे असे आठ शून्य-एक, त्यांच्या आधी ‘सुरू झालं’ सांगणारा एक आणि शेवटी ‘संपलं’ सांगणारा एक, असे दहा. म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. आम्ही लगेच गणित मांडलं. दहा किलोबाइटच्या प्रोग्रॅमला दीड मिनिट. यंत्र हळू गतीवर, ३०० बॉडवर (सेकंदाला ३०० बिट) ठेवलं तर पावणेसहा मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं तर थोडा जास्तच वेळ लागला, कारण प्रोग्रॅम सलग जात नसे. २५६ बाइटचा, म्हणजे २५६ अक्षरांचा, एकेक ब्लॉक करून जाई, आणि प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर त्याचं नाव, क्रमांक आणि बरोबर आला की नाही हे ताडून पाहायची खूण असे.

या क्रमांकाचा उपयोग चूक झाली की समजायचा. मध्येच पडद्यावर ‘डेटा?’ असं येऊन सगळं थांबायचं. मग कॅसेट थोडी मागे घ्यायची. यंत्र आधीचे ब्लॉक सोडून द्यायचं आणि चुकलेला ब्लॉक आला की तिथून पुढे धरायचं. फारच वेळा ‘डेटा?’ आलं, तर बाई टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाशेजारचा, बारीक स्क्रू पिळायच्या. मापक वगैरे काही नाही, नुसता कान. शिट्टी जिथे सर्वांत धारदार ऐकू येईल तिथे थांबायचं. स्क्रू केसभर फिरला की आवाजावरचं मळभ दूर झाल्यासारखं वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मलाही ते जमायला लागलं, आणि तेव्हा माझी पाठ थोपटली गेली ती मला परीक्षेतल्या कुठल्याही मार्कांपेक्षा अजून जास्त आठवते.

दोन यंत्रं एकमेकांना जोडायची कल्पना माझ्या मैत्रिणीची. मागच्या बाजूला पाच पिनांचं एक खोबण होतं, फाइलमध्ये त्याचं नाव आरएस-४२३ असं दिलेलं. त्यातून एका संगणकातलं दुसऱ्यात पाठवता येतं असं लिहिलं होतं. बाईंनी दोन प्लग मिळवले, प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांनी डाग देऊन वायर जोडून दिली, पिन ते पिन, सरळ. एका बाजूला मी टाइप करत होते, दुसऱ्या बाजूला काहीच उमटत नव्हतं. आठवडाभर आम्ही वायर बदलली, यंत्रं बदलली, आज्ञा पुन्हा पुन्हा वाचल्या. शेवटी बाईंनी दोन्ही प्लगचं चित्र शेजारी शेजारी काढलं आणि त्या हसायलाच लागल्या. ‘डेटा आउट’ आम्ही ‘डेटा आउट’ला जोडलं होतं. “अगं, दोघंही बोलतायत, ऐकतंय कोण?” वायर तिढा मारून जोडली, बोलण्याची पिन ऐकण्याच्या पिनेला. यावेळी अक्षरं आली, पण नुसता कचरा. एक यंत्र १२०० वर होतं आणि दुसरं ३०० वर. गती सारखी केली आणि पलीकडच्या पडद्यावर माझं नाव इंग्रजीत उमटलं. खोली चार पावलांची, पण मी धावत जाऊन पाहिलं.

आता आम्हाला तिथे मराठी हवी होती. बीबीसी मायक्रोत २२४ पासून पुढच्या क्रमांकांना आपल्याला हवी ती आकृती देता यायची. आठ बाय आठ चौकटींचा चौकोन घ्यायचा, भरायच्या चौकटी रंगवायच्या, प्रत्येक ओळीतल्या रंगवलेल्या चौकटींच्या किमतींची (उजवीकडून १, २, ४ अशा दुप्पट होत १२८ पर्यंत) बेरीज करायची आणि ते आठ आकडे व्हीडीयू २३ या आज्ञेला द्यायचे. आलेखाच्या वहीत आम्ही ‘शाळा’ काढली. काना सर्वांत सोपा: २५५, ८, ८, ८, ८, ८, ८, ८. यातला पहिला २५५ म्हणजे वरच्या आठही चौकटी भरलेल्या, म्हणजेच शिरोरेषा. अक्षरं शेजारी शेजारी छापली की त्या ओळी आपोआप जुळून एक सलग रेघ व्हायची. पाटीवर लिहून झालं की वरून रेघ ओढायची असते, तशी. ‘श’चं पोट आठ चौकटींत बसवायला दोन दुपारी गेल्या. ‘ळ’ तर कधीच मनासारखा झाला नाही. तरी ‘शाळा’ वाचता येत होतं. आमच्या यंत्रात ‘श’ २२४, काना २२५ आणि ‘ळ’ २२६.

ते तारेवरून पाठवलं तर पलीकडे अर्थ नसलेलं काहीतरी आलं. आकडे बरोबर पोचले होते, पण २२४ म्हणजे ‘श’ हे त्या यंत्राला कोणी सांगितलं होतं? मग आधी आकृत्यांचे आकडे पाठवायचे आणि नंतर शब्द, असा क्रम ठरवला. अक्षराचा क्रमांक म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला करार असतो, ही गोष्ट मला त्या दिवशी जशी कळली तशी नंतर कुठल्याही वर्गात कळली नाही.

यशाने आम्ही इतक्या खूश होतो की निकालपत्रकाचे आकडे पाठवायला घेतले. बाईंनी विचारलं, “पाठवलेस. पोचले का?” मी म्हटलं, “हो बाई, पाठवले ना.” “पाठवले हे तुझं म्हणणं झालं. पोचले हे तिनं सांगायला हवं.” आणि त्यांनी एका मासिकातल्या लेखाची छायाप्रत काढून दिली. वॉर्ड ख्रिस्तेन्सेन या अमेरिकन माणसाने १९७७ साली लिहिलेल्या, पुढे एक्समोडेम म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीचं वर्णन त्यात होतं. १२८ बाइटचा ब्लॉक पाठवायचा, शेवटी सगळ्यांच्या बेरजेला २५६ ने भागून उरलेली बाकी जोडायची. पलीकडच्याने स्वतः बेरीज करून पाहायची. जुळली तर ६ हा आकडा परत पाठवायचा, नाही जुळली तर २१. सहा आल्याशिवाय पुढचा ब्लॉक नाही. याच माणसाने रँडी स्यूस यांच्याबरोबर १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत, टेलिफोनवरून कोणीही निरोप ठेवावा आणि वाचावा असा संगणकावरचा फलक सुरू केला होता.

आम्ही ते बेसिक या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहून काढलं. मैत्रिणीचं काम मध्येच प्लग हलवून घोटाळा करायचं. २१ आला की माझं यंत्र तोच ब्लॉक पुन्हा पाठवायचं, आणि आम्ही दोघी टाळ्या वाजवायचो. मग मला एक शंका आली. मी मुद्दाम एका ठिकाणी १२ चे २१ केले. सगळे आकडे तेच, फक्त उलटे. बेरीज जुळली, सहा आला, आणि चुकीचं निकालपत्रक बरोबर म्हणून स्वीकारलं गेलं. बाई बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तार अक्षरांची अदलाबदल करणार नाही, पण एका जागी एक बिट वाढला आणि दुसऱ्या जागी तोच कमी झाला, तरी हेच होईल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइलमधून शोधून आणलं की कॅसेटच्या ब्लॉकवर असते ती खूण साधी बेरीज नसते. ती भागाकाराची एक वेगळी पद्धत असते, सीआरसी, आणि तिच्यात जागा बदलली तरी उत्तर बदलतं. आम्ही वर्षभर वापरत होतो तिच्यातच उत्तर होतं.

पुढे मी दूरसंचारात गेले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतर काही महिन्यांनी घरी मोडेम, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेवरून बोलायला लावणारं यंत्र, आला. नंबर लागला आणि आधी एक लांब शिट्टी, मग चरचर ऐकू आली. माझा हात नकळत स्क्रू शोधायला गेला. टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकाच आवाज जातो, म्हणून संगणकाला तिथे माणसाच्या आवाजाच्या पट्टीत बोलावं लागतं. जिन्याखालच्या खोलीत आम्ही ऐकलेला कॅसेटचा आवाज त्याच घराण्यातला.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ख्रिस्तेन्सेन गेल्याची बातमी वाचली आणि मी बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या वहीचं काय झालं?” वही आहे. आलेखाचे कागद पिवळे पडलेत, ‘श’ची चौकट मात्र स्पष्ट दिसते. ‘श’चा क्रमांक आता २३५८ आहे, युनिकोड या अक्षरांच्या जगभर मान्य झालेल्या क्रमांक-यादीत, आणि जगातल्या कुठल्याही फोनला तो कळतो.

महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवायला वहीबरोबर ती कॅसेटही पाठवते आहे. ‘अ’ बाजूला ‘शाळा’ आहे, ‘ब’ बाजूला निरोप पाठवायचा प्रोग्रॅम. ऐकवायची असेल तर कुठल्याही टेपरेकॉर्डरवर वाजेल. पाच सेकंद शिट्टी येईल, ती बोथट वाटली तर हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा फिरवा. आणि पाकीट मिळालं की कोणीतरी मला तेवढं कळवा.